किल्लीबरोबर पाणीही विचारून घ्या

नाशिकमध्ये भाड्याचं घर बघायला गेलं की प्रश्न ठरलेले असतात. भाडं किती, डिपॉझिट किती, मेन्टेनन्स कोणी भरायचा, गाडी कुठे लावायची. मालकाचेही प्रश्न ठरलेले: माणसं किती, नोकरी कुठे, नॉनव्हेज खाता का. पाण्याचा विषय निघालाच तर एजंट तो एका वाक्यात मिटवतो, ‘‘चोवीस तास पाणी आहे, साहेब.’’ तो खोटं बोलत नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे तोवर नळाला चोवीस तास पाणी असतंच. पण टाकीत ते कुठून येतं, किती वेळ येतं आणि कुठल्या दिवसांत येतच नाही, हे विचारायचं त्या वेळी कोणाच्या डोक्यात नसतं.

मी मूळचा मनमाडचा. आमचं पाणी वागदर्डी धरणाचं, आणि वागदर्डी भरायची ती पालखेड कालव्याच्या आवर्तनावर. दोन पाण्यांमध्ये पंधरा-वीस दिवस गेलेले आम्ही लहानपणापासून पाहिले आहेत. त्यामुळे कोणत्या गल्लीला पाणी कधी सुटणार, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नवा भाडेकरू आला की घरमालकीण पहिल्यांदा पिंपं कुठे ठेवायची ते दाखवते, मग बाकीचं घर. नोकरीसाठी नाशिकला आलो तेव्हा वाटलं, या कटकटीतून सुटलो. गोदावरीकाठचं गाव, वरच्या अंगाला गंगापूर धरण, पलीकडे त्र्यंबक-इगतपुरीचा धो-धो पाऊस. इथे कसली आलीय पाणीटंचाई! सिडकोत राहिलो, नाशिकरोडला राहिलो, आता पाथर्डी फाट्याजवळ राहतो, सगळीकडे भाड्यानेच. या मुक्कामांत एक गोष्ट पक्की कळली. मनमाडला पाणी कमी असतं, पण त्याची माहिती प्रत्येकाकडे असते. नाशिकला पाणी भरपूर असतं आणि माहिती मालकाच्या खिशात असते. मालक राहतो पुण्याला.

आधी पाणी का जातं ते सांगतो, कारण त्यावरच तयारी अवलंबून आहे. शहराचं बरंचसं पाणी गंगापूर धरण समूहातून येतं, म्हणजे गंगापूरच्या जोडीला काश्यपी, गौतमी गोदावरी आणि आळंदी. दारणेचं पाणी नाशिकरोडच्या बाजूला, आणि मुकणे धरणातून विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रात थेट वाहिनीने येणारं पाणी वेगळं. शहरासाठीचं पाणी साधारण १५ ऑक्टोबर ते ३१ जुलै या काळासाठी धरणात राखून ठेवतात. मार्च-एप्रिल आला की उरलेलं पाणी आणि उरलेले दिवस यांचा हिशेब मांडला जातो. तो जमला नाही की वर्तमानपत्रांत ‘पाणीकपात अटळ’ असे मथळे दिसू लागतात. २०१५ साली सिंहस्थ कुंभमेळा झाला, पाऊस कमी पडला आणि शिवाय खालच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडावं लागलं. त्याच्या पुढचा उन्हाळा ज्यांनी नाशकात काढला, त्यांना हा हिशेब काय असतो ते वेगळं सांगायला नको.

ही झाली कपात. शटडाऊन वेगळा. तो दुष्काळातच होतो असं नाही, धरण निम्मं भरलेलं असतानाही होतो. पावसाळ्याआधी महावितरणला आपल्या वाहिन्यांची कामं उरकायची असतात. त्याच संधीत महापालिका पंपिंग स्टेशनवरचे पंप, गळके व्हॉल्व्ह, जलकुंभ यांची कामं काढते. मग सूचना निघते. ती जवळपास पाठच झालेली आहे: शनिवारी पाणीपुरवठा होणार नाही, रविवारी सकाळी कमी दाबाने होईल, नागरिकांनी सहकार्य करावं. आमच्या कंपनीला सुट्टी शनिवारचीच. त्यामुळे आठवड्याचे कपडे, पडदे, बेडशीट सगळं ज्या दिवशी धुवायचं, नेमकं त्याच दिवशी नळ कोरडा. तिसरा प्रकार जुलैचा. घाटात पाऊस कोसळतो, नदी लाल होऊन येते, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं आणि नळालाही गढूळ पाणी येऊ लागतं. पाणी असतं, पण लगेच पिता येत नाही.

कोणत्या भागाचं पाणी बंद राहील, हे त्या सूचनेत विभागाच्या, प्रभागाच्या आणि जलकुंभाच्या नावाने लिहिलेलं असतं. महापालिकेचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि सिडको, ज्याला नवीन नाशिकही म्हणतात. जुना रहिवासी सूचना वाचतो आणि त्याला लगेच कळतं, आपला नंबर लागला. नव्या भाडेकरूला आपला प्रभाग माहीत नसतो, जलकुंभ तर नसतोच. तो ती बातमी वाचून पान उलटतो. म्हणून पहिलं काम हे करा: शेजाऱ्याला विचारा, आपल्या बिल्डिंगला पाणी कुठल्या जलकुंभावरून येतं. पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतर ‘देशदूत’, ‘सकाळ’, ‘लोकमत’ यातलं काहीही हाती आलं तरी ती सूचना तुमच्यासाठी आहे की नाही, ते कळेल.

आता आमच्या सोसायटीत काय झालं ते. मे महिना होता. शनिवारी शटडाऊन होता आणि त्याची सूचना सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुरुवारीच पडली होती. या ग्रुपवर फक्त फ्लॅटमालक आहेत. तसा रीतसर ठराव आहे. भाडेकरू येतात-जातात, त्यांना कशाला सोसायटीच्या भानगडी, असं त्यामागचं कारण. मला सूचना कळली ती तळमजल्यावरच्या काकूंमुळे. त्या भाजीवाल्याला, पेपरवाल्याला, जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला ‘‘उद्या पाणी नाही हं’’ असं सांगतात. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये तीन मुलं राहायची, अंबडच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलेली. ती सकाळी जायची आणि रात्री यायची, त्यामुळे काकूंच्या तावडीत सापडायची नाहीत. त्यांच्या मालकाने ग्रुपवरची सूचना वाचली असेल, पुढे पाठवली नाही.

शनिवारी संध्याकाळी टाकी संपली. मुलं गावाला निघायच्या घाईत होती. एकाने सिंकचा नळ सोडून पाहिला, पाणी आलं नाही, तो तसाच राहिला. सिंकमध्ये खरकटी भांडी, त्यातलं एक ताट जाळीवर पालथं पडलेलं. दाराला कुलूप लावून तिघं बसस्टँडला गेली.

पहाटे पाणी आलं. वॉचमननं मोटर चालू केली, टाकी भरली, आणि तो नळ वाहू लागला. मला जाग आली ती दिव्याच्या होल्डरमधून टपटप आवाज येत होता म्हणून. छतावर हॉलच्या मधोमध मोठा ओला डाग पसरला होता आणि बोर्डाच्या कडेने पाण्याची धार भिंतीवरून खाली येत होती. बायकोने पोरांना उचलून बाहेर नेलं. मी कोरड्या लाकडी स्टुलावर उभा राहून मेन स्विच पाडला. वर गेलो तर दाराच्या फटीतून पाणी जिन्यात येत होतं आणि दाराला भलंमोठं कुलूप.

पुढचा अर्धा तास सांगण्यासारखा आहे, कारण खरा धडा तिथे आहे. गच्चीची किल्ली वॉचमनकडे नव्हती. ती होती सेक्रेटरींकडे, आणि ते सकाळी फिरायला गेलेले. त्यांच्या घरून किल्ली आणली, गच्चीवर गेलो. टाकीच्या बुडाशी एका ओळीत पाइप बाहेर पडलेले, प्रत्येकावर एक व्हॉल्व्ह. कुठला पाइप कुणाच्या घरात जातो, याची कुठे खूण नाही. बिल्डरने कधीतरी लाल ऑइलपेंटने आकडे लिहिले होते, उन्हाने ते पार उडालेले. मग एकेक व्हॉल्व्ह बंद करून पाहायचं ठरलं. मी वर, वॉचमन चौथ्या मजल्यावर दाराशी कान लावून, आणि तो खालून ओरडतोय, ‘‘चालूच आहे, भाऊ, चालूच आहे!’’ दोन व्हॉल्व्ह हाताने फिरेचनात, गंजले होते. एकाचं चाक हातात आलं. मध्येच दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत बाल्कनीत येऊन विचारू लागले की पाणी कोणी बंद केलं. शेवटी सेक्रेटरी आले आणि त्यांनी टाकीचा मुख्य व्हॉल्व्हच बंद केला. तो कुठे आहे, हे अख्ख्या इमारतीत त्यांना एकट्यालाच माहीत होतं.

नुकसान काय झालं त्याची यादी देत नाही. इन्व्हर्टर गेला, छताचा रंग पोपडे धरून पडला, गाद्या फुगल्या. नंतर सोसायटीची बैठक बसली. वरच्या फ्लॅटचे मालक फोनवर होते आणि त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: नळ पोरांनी उघडा ठेवला, सगळं त्यांच्या डिपॉझिटमधून कापा. मी विचारलं, शटडाऊनचं पोरांना कोणी सांगितलं होतं? उत्तर आलं, ‘‘ग्रुपवर टाकलं होतं ना.’’ पोरं ग्रुपवर आहेत का? यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. अखेर निम्मा खर्च मालकांनी सोसला, निम्मा मुलांनी. मला विचाराल तर मुलांच्या वाट्याला जास्तच आला. नळ बंद करायला हवा होता, हे खरं. पण पाणी येणार नाही, मग पहाटे येणार, गच्चीचा व्हॉल्व्ह अमुक, किल्ली तमुककडे, यातली एकही गोष्ट त्यांना कोणी कधी सांगितलेली नव्हती. ज्याला माहिती द्यायची नाही, त्याच्याकडून भरपाई मात्र पूर्ण घ्यायची, हा न्याय मला पटत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे कोणी नवीन भाडेकरू राहायला आला की सामान उतरायच्या आत मी त्याला गाठतो. बायको म्हणते, तुमचीही आता काकू झालीय. असो. त्याला मी जे सांगतो तेच इथे लिहितो.

घरात शिरल्यावर आधी नळ ओळखून घ्या. नाशिकच्या कितीतरी इमारतींत दोन प्रकारचं पाणी असतं: महापालिकेचं आणि बोअरचं. स्वयंपाकघरात एक नळ थेट नळलाइनचा असतो, तो ठरावीक वेळीच चालतो. दुसरा टाकीवरचा. संडास-बाथरूमला अनेकदा बोअरचं पाणी जोडलेलं असतं. शटडाऊनच्या दिवशी बोअरचा नळ चालू राहतो आणि नवखा माणूस त्याचंच पाणी पिण्याच्या माठात भरतो. चहा फाटल्यासारखा लागला, डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, की समजा ते बोअरचं जड पाणी आहे. मग घरातला मुख्य कॉक शोधा. तो बहुधा बाथरूममध्ये छताजवळ किंवा डक्टच्या खिडकीत असतो. तो एकदा हाताने फिरवून पाहा. जो कॉक वर्षानुवर्षं फिरवलेला नाही, तो गरजेच्या वेळी फिरत नाही. घट्ट असेल तर राहायला येण्याआधीच मालकाला सांगून बदलून घ्या. प्लंबरचा फोन नंबर मागून घ्या, आणि तोही ‘कुठलातरी’ नको, त्या इमारतीत नेहमी काम करणारा हवा. त्याला सगळे पाइप पाठ असतात.

करार करताना लाजू नका. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आता सगळीकडे ऑनलाइन नोंदवतात. त्यात भाडं, मुदत, लॉक-इन यांच्याबरोबर दोन ओळी पाण्याच्या घालून घ्या: टँकर मागवावा लागला तर त्याची वर्गणी कोणी द्यायची, आणि पाइप, व्हॉल्व्ह, टाकी यांची दुरुस्ती कोणाकडे. तोंडी ठरलेलं मे महिन्यात कोणाला आठवत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, असं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ मध्ये आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. मालक नोंदणी टाळत असेल तर समजून असा की तो वेळेला पाण्याचं बोलणंही टाळणार.

याच कायद्याचं कलम २९ लोकांच्या ऐकिवात असतं. योग्य कारण नसताना मालकाला भाडेकरूचं पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडता येत नाहीत, तोडल्या तर न्यायालयात दाद मागता येते. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. महापालिकेने पाणी बंद ठेवलं म्हणजे मालकाने तोडलं असं होत नाही, त्यावरून त्याच्याशी भांडायला जाऊ नका. दुसरं, लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या काटेकोर अर्थाने भाडेकरू नसतो, त्याला भाडेकरूची सगळी संरक्षणं आपोआप मिळत नाहीत. म्हणूनच करारातल्या त्या दोन ओळींना किंमत आहे. वाद खरंच कोर्टात न्यायचा झाला तर वकिलाला करार दाखवून विचारा, व्हॉट्सॲपवरच्या कायदेपंडितांना नको.

टँकरवरून सोसायटीत भांडणं होतात. ‘‘भाडेकरूंच्या घरी माणसं जास्त, पाणी जास्त लागतं, त्यांनी जास्त द्यावं’’ हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाणीपट्टीची वाटणी कशी करायची ते दिलेलं आहे: प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि आकार बघून. घरात मालक राहतो की भाडेकरू, याचा त्यात कुठे संबंध येत नाही. शिवाय घर भाड्याने दिलं म्हणून मालक सोसायटीला बिनभोगवटा शुल्क भरतोच, आणि २००१ च्या शासननिर्णयाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त आकारता येत नाही. एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेक कमिट्या ऐकतात. आमची ऐकली, थोडी कुरकुर करून.

आता साठवणीचं. नाशिककर सूचना वाचली की घरातली कळशी, पातेलं, कुकर, पोरांची पाण्याची बाटली, सगळं भरून ठेवतात आणि रविवारी ते ओतून देतात. एवढी गरज नसते. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हा आपल्याकडचा सरकारी निकष आहे. चौघांच्या घराला ५४० लिटर झाले. पण २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहरावर पाणी संपायची पाळी आली, तेव्हा तिथे माणशी ५० लिटरची मर्यादा घातली होती आणि लोकांनी त्यात दिवस काढले. त्या हिशेबाने चौघांना २०० लिटर, म्हणजे झाकण असलेलं एक मोठं पिंप. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी वेगळं, झाकलेल्या भांड्यात, उंचावर. बाकी सगळं पिंपात. संडासाची टाकी एका फ्लशला सहा ते दहा लिटर ओतते, तिथेच पाणी सगळ्यात जास्त जातं. त्या दिवशी टाकीचा कॉक बंद करून बादलीने पाणी ओता. आरओ मशीन जेवढं पाणी गाळतं त्याहून जास्त बाहेर टाकतं. ते पाणी फरशी पुसायला, संडासला वापरा, आणि शटडाऊनच्या दिवशी मशीन बंदच ठेवा.

नळाला थेट मोटर लावून पाणी ओढायचा मोह कोणाला होत असेल तर तो सोडा. ते बेकायदा तर आहेच, महापालिका मोटर जप्तही करते. त्याहून वाईट म्हणजे, वाहिनीत दाब नसताना ओढलं की फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणीही आत खेचलं जातं, आणि ते पितात गल्लीतली सगळी माणसं.

पाणी गेल्यावर काय करायचं, हे सगळे सांगतात. पाणी परत येतं तेव्हाचं कोणी सांगत नाही, आणि घोटाळे होतात ते तेव्हाच. नळ कोरडा दिसला की तो लगेच बंद करायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा, लहान मुलांना आधी. गावाला निघताना मुख्य कॉक बंद करा, मग शटडाऊन असो वा नसो. गीझरचा स्विच पाडून ठेवा, आणि गरम पाण्याच्या नळाला न थांबता धार येईपर्यंत तो लावू नका. वॉशिंग मशीनचा नळ बंद ठेवा. पाणी सुरू झालं की पहिली धार पिवळट, तपकिरी येते. वाहिनी रिकामी होते तेव्हा आतला गंज, गाळ सुटतो, तो त्या धारेबरोबर येतो. ते पाणी बादलीत धरून संडासला वापरा, पांढऱ्या कपड्यांवर जाऊ देऊ नका. नळ गुरगुरतो, थुंकल्यासारखं पाणी टाकतो, मध्येच थांबतो, ते पाइपमध्ये हवा अडकल्यामुळे. घरातला सगळ्यात खालचा नळ सोडून समोर उभे राहा, हवा निघून जाते. एवढं करूनही धार बारीक असेल तर नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. तिच्यात मूठभर नाही, पण चिमूटभर वाळू नक्की सापडेल. प्लंबरचे पैसे वाचतात.

गच्चीवर सोलर असेल तर एक खास सूचना. मे महिन्याच्या दुपारी रिकाम्या, तापलेल्या सोलरमध्ये गार पाणी सोडलं तर काचेच्या नळ्या तडकतात. पाणी सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर सोडा. हे वॉचमनला सांगून ठेवा, कारण मोटर तोच लावतो.

पिण्याचं पाणी त्या दिवशी आणि पुढचा दिवसभर उकळूनच घ्या. गढूळ असेल तर तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी गाळा आणि मग उकळा. तुरटीने पाणी दिसायला स्वच्छ होतं, जंतू मरत नाहीत, हे पुष्कळ घरांत अजून माहीत नाही. आणि साठवलेलं पाणी तसंच राहू देऊ नका. डेंग्यूचा डास गटारात नाही, तुमच्या पिंपातल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य विभाग दर पावसाळ्यात ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ म्हणून घसा कोरडा करतो, तो यासाठी. पिंप नुसतं ओतून भागत नाही. अंडी काठाला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने मरत नाहीत, तेव्हा पिंप आतून काथ्याने घासा. या बाबतीत आम्ही मनमाडकरही कच्चेच. पाणी साठवण्यात हुशार, पिंप घासण्यात आळशी.

माझा भाचा अमेरिकेत शिकागोला भाड्याने राहतो. तिथे जानेवारीत कडाका पडला की पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात. घरात राहायला गेला त्या दिवशी त्याला एक कागद मिळाला: मुख्य कॉक कुठे आहे, थंडीत कुठला नळ थेंब-थेंब चालू ठेवायचा, गावाला जाताना काय करायचं, फोन कोणाला करायचा. एवढंच, एक पान. अमेरिकेचं कौतुक करायची मला हौस नाही, पण हा कागद आपल्याकडे द्यायला काय अडतं, ते मला कळलेलं नाही.

आमच्या सोसायटीने त्या बैठकीनंतर काही गोष्टी केल्या. गच्चीवरच्या प्रत्येक व्हॉल्व्हला फ्लॅट नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला तारेने बांधला. रंग उडतो, बिल्ला राहतो. गंजलेले व्हॉल्व्ह बदलले. गच्चीची दुसरी किल्ली वॉचमनच्या खोलीत टांगली. लिफ्टशेजारी फळा लावला, त्यावर शटडाऊनची तारीख खडूने लिहितात. आणि बऱ्याच वादानंतर ‘पाणी-वीज’ नावाचा वेगळा ग्रुप निघाला, त्यावर भाडेकरू आहेत. मालकांच्या भानगडी मालकांच्या ग्रुपवर, पाण्याची सूचना सगळ्यांना. या सगळ्याचा खर्च एका टँकरच्या आसपासच आला.

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतो आहे. त्याच्या कामांसाठी रस्ते खोदले जातील, वाहिन्या फुटतील, जोडायला पुन्हा पाणी बंद ठेवावं लागेल. सूचना न देता पाणी जायचे प्रसंग येत्या काळात वाढतील, असं धरूनच चला. तेव्हा घरमालकांना हात जोडून विनंती आहे. या रविवारी एक कागद घ्या. त्यावर कुठला नळ कशाचा, पाणी किती ते किती, मुख्य कॉक कुठे, गच्चीवरचा व्हॉल्व्ह कितवा, किल्ली कोणाकडे, जलकुंभ कोणता, प्लंबर कोण, एवढं लिहा आणि तो स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवा. मालक विसरला, तर भाडेकरूंनो, त्याच्याकडून विचारून तुम्ही स्वतः लिहा. घर सोडून जाल तेव्हा तो कागद मात्र काढून नेऊ नका, तुमच्यानंतर येणाऱ्याला लागेल.